पुंगोलच्या फ्लॅटमधला खिळा

रविवार, संध्याकाळ

चर्चमधल्या उपासनेनंतर सुनील आणि रूथच्या, इथे सिंगापूरमधल्या पुंगोलच्या फ्लॅटवर गेलो. सुनीलची नोकरी गेली, त्यामुळे इथे राहायचा वर्क पासही रद्द झाला. उद्या दोघं पुण्याला परत चाललेत. आमच्या एवढ्याशा मंडळीतलं आणखी एक घर गेलं. क्रूस उतरवलेला, भिंतीवर नुसता खिळा.

दोघं इथे राहायला आले तेव्हा त्याच खिळ्याखाली उभं राहून मी प्रार्थना केली होती, "प्रभू, यांना इथे स्थिर कर." मग आज काय मागू? नजर खिळ्यावरून हलेना.

रूथ म्हणाली, "पाळकसाहेब, आमच्यासाठी नको. आता इथे जे राहायला येतील, त्यांच्यासाठी मागा."

डोळे मिटले, पण मला शब्दच सुचेनात. शेवटी तिनेच प्रार्थना केली, "प्रभू, त्यांना इथे स्थिर कर."

माझेच शब्द. मला आमेनसुद्धा धड म्हणवलं नाही.