जळकं ऑइल आणि जावईबापू

२० एप्रिल १९७२, श्रीगोंदा
अधिक महिना. धोंड्याच्या जेवणाला बायकोसह सासुरवाडीला आलो. अनारसे उत्तम. चांदीचं निरांजन मिळालं. परवा परत. एक जूनला पुण्याच्या कारखान्यात स्टोअरकीपर म्हणून रुजू व्हायचं. ऑर्डर खिशात. सुटलो एकदाचा या धुळीतून.

२१ एप्रिल
विहिरीवरच्या इंजिनचं ऑइल बदलून दिलं. कुणी सांगितलं नव्हतं, पण इंटर सायन्सपर्यंत शिकलेल्या माणसाला गप्प बसवत नाही. जळक्या ऑइलचं पिंप सरकवताना थोडं कलंडलं. थोडं म्हणजे सगळं. थेट घासाच्या वाफ्यात. विहिरीनं तळ गाठलाय, गाईला हिरवं म्हणून तेवढाच वाफा.
सासरे रंभाजीराव रागावले नाहीत. ऱ्हाऊ द्या जावईबापू, व्हतं आसं, म्हणाले आणि वाफ्याकडे बघत राहिले. गाय माझ्याकडे बघत होती.

२२ एप्रिल
समजावून सांगितलं. तेलकट माती खरवडायची, शेण आणि उसाचं पाचट मिसळून खड्ड्यात कुजवायची. डोळ्यांना न दिसणारे जिवाणू तेल खाऊन टाकतात. महिन्यात माती स्वच्छ. सासरे म्हणाले, तुमी म्हंता तर हुईल. वाफा नीट झाला की मग खुशाल जावा.
बोललो नसतो तर आज एस.टी.त असतो.

५ मे
खड्डा शेण-मातीनं घट्ट लिंपून घेतला. काम चोख. आमच्या आंघोळीचं पाणी वाया न घालवता त्यावर ओततात.

१६ मे
वास येतो. सडक्या अंड्यांचा, वर इंजिनचा. खड्ड्यावरून येणारा वारा थेट माझ्या खाटेवर. बायकोनं, पुष्पावतीनं विचारलं, एक तारखेच्या आत नक्की निघायचं ना? म्हटलं, शंभर टक्के. तिनं ट्रंक भरून दोरीनं बांधली.

२३ मे
शोध लागला! कोंबड्यांनी खड्ड्याचा एक कोपरा उकरला. तेवढाच कोपरा आत गरम लागतो आणि तिथल्या मातीला तेलाचा वास कमी. म्हणजे जिवाणूंना हवा पाहिजे. मला हे माहीत होतंच, मध्यंतरी सुचलं नव्हतं.
ढीग वर काढून वरचेवर पलटायला हवा. गडी दुष्काळी कामावर गेलेत. मी फावड्याला हात लावला तर सासूबाई भामाबाई धावत आल्या. जावयानं फावडं धरल्यालं गावानं पाह्यलं तर आमाला त्वांड दाखवाया जागा ऱ्हानार न्हाई. रीत मोडणं बरं नव्हे. मी खाटेवरून सूचना दिल्या. सासऱ्यांनी पलटला.

३१ मे
ढीग चांगला तापलाय. हात घालवत नाही. वास मात्र अजून आहे. कारखान्याला तार केली : प्रकृती बिघडली, आठ दिवस मुदत द्यावी. पुष्पानं ट्रंकेची दोरी आणखी आवळली.

१९ जून
पाऊस नाही. कारखान्याचं उत्तर नाही. सासऱ्यांची कंबर धरलीय, तरी पलटतात आणि कण्हत विचारतात, आता बरं हाय का जावईबापू? माणूस कौतुकानंच विचारतो. आज मला मात्र एकाएकी रडू आलं. चुलीच्या धुरानं असावं.

१० ऑगस्ट
जिंकलो! माती काळी, भुसभुशीत. तेलाचा मागमूस नाही. खात्री म्हणून त्यात मेथी पेरली होती, ती उगवली. सासऱ्यांनी चावडीवर सांगितलं, आमचं जावई तेल पचीवत्यात. उद्याच निघतो.

११ ऑगस्ट
सकाळी अंगणात पिंपं. गावात जेवढी इंजिनं, तेवढ्यांचं जळकं ऑइल. काहींच्या बैलगाड्या अजून यायच्या आहेत. ही लोकमान्यता.
दुपारी कारखान्याचं पत्र : जागा भरली. पुष्पानं ट्रंक सोडून लुगडी दोरीवर वाळत घातली.

१२ ऑगस्ट, सकाळी
सासऱ्यांनी आज प्रथमच जावईबापू न म्हणता हाक मारली. रंगनाथ, ऊठ, फावडं घे, माझी कंबर गेली, म्हणाले. सासूबाई समोरच होत्या, रीतीचं काही बोलल्या नाहीत. मला नाही म्हटलं तरी बरं वाटलं. परकेपणा संपला. दोन ओळी लिहून जाणारच होतो, तेवढ्यात दुसरी हाक आली.
रंग्या म्हणाले.