पिवळीची लेक

इमोजीन,

आईच्या दारातली पिवळी डेलिली, ती एकाच दिवसाचं फूल देणारी, तुला न विचारता मी खणून इकडे जॉर्जियाला आणली, त्याला अकरा वर्षं झाली. तेव्हापासून तू बोलत नाहीस. आणि मी दर उन्हाळ्यात रोज सकाळी, दव सुकलं की, पिवळीला दुसऱ्या फुलांचे पराग लावते, देठाला दोरा बांधते आणि बी धरायची वाट बघते. त्या बियांची शेकडो रोपं मनासारखी फुलली नाहीत म्हणून उपटून टाकली. या जूनमध्ये मात्र तिची एक लेक अशी उमलली, पीचच्या रंगाची, गळ्याशी हिरवी, की मी स्वप्नात असल्यासारखी वाफ्यातच बसून राहिले.

शेजारचा क्लीटस कुंपणावरून म्हणाला, "अगं, ही तर तुझी इमोजीन! सकाळी हसणार, संध्याकाळी तोंड पाडून बसणार."

तेच नाव द्यायचं ठरवलं. पण नव्या जातीच्या फुलाच्या नोंदणीच्या फॉर्मवर अट आहे: हयात माणसाचं नाव असेल तर त्याची लेखी परवानगी हवी. तुला विचारायला जीभ रेटत नाही गं. तेव्हाही रेटली नव्हती.

म्हणून फुलाला अजून नुसता नंबर आहे, आणि हे पत्र बियांच्या डब्यात राहील. क्लीटस मात्र रोज सकाळी विचारतो, "इमोजीन उठली का?"

मी हो म्हणते.

तुझी चोरटी धाकटी,
व्हर्नेल