नामादादांचा थांबा

रविवार संध्याकाळ, रोहा

नदीपलीकडच्या अष्टमी गावात बँजो पार्ट्यांच्या स्पर्धेत आज मी परीक्षक. नामादादांच्या जागी ढोलावर महेश होता. दादांचा ढोल ऐकायला पेणहून माणसं यायची. महेशचाही हात स्वच्छ, तरी मी चार गुण कापले. तालाच्या शेवटच्या फेरीआधी दादा क्षणभर थांबायचे, तो थांबा त्याने घेतलाच नाही.

गुणांचा कागद देऊन झाल्यावर पहिल्या रांगेतल्या दादांना हे मी ऐटीत सांगितलं. म्हणाले, "मास्तर, खांदा भरून यायचा माझा. हात झटकायला थांबायचो. महेशला मीच बोललो, तुला गरज नाय."

त्यांची पार्टी तीन गुणांनी हरली.

ते चार गुण कशासाठी कापले, हे आता महेशला कुठल्या तोंडाने सांगू? आणि उद्या माझी ढोलाची शिकवणी. वीस वर्षं तो थांबा मी घोटून घेतोय, धडधाकट खांद्यांच्या पोरांकडून.