एमेटचं पहिलं वर्ष

४ जानेवारी १९८८
आजपासून सिगार बंद. डोकं साफ हवं. माजी सैनिकांच्या हॉलमधल्या भिंतीवर यंदा कुठल्या बेसबॉल खेळाडूची पाटी लावायची, ते आम्ही बारा जण ठरवणार. नऊ मतं लागतात. मी मंडळाचा सेक्रेटरी. एमेट ड्रिस्कॉलचं नाव यंदा पहिल्यांदाच मतदानाला आलंय. जिवाभावाचा मित्र, पण मी निःपक्षपाती माणूस आहे. व्हर्ना म्हणाली, त्याच्या नाकात ऑक्सिजनची नळी आहे, तेवढा पक्षपात केलास तर देव रागावणार नाही. बायकोला खेळातलं कळत नाही.

९ जानेवारी
थोरवी मोजायचा फॉर्म्युला तयार. सरासरी, होमरन, खेळलेली वर्षं. भावनेला जागा नाही. गस पेट्राकिसच्या डायनरमध्ये वाचून दाखवला. गसला मंडळावर कुणी घेतलं, देव जाणे. म्हणाला, अरे लाईल, एमेट बॅट घेऊन उभा राहिला की माझा बाप अंडी तव्यावर तशीच सोडून मैदानावर पळायचा. जळलेली अंडी मोज आधी. मी म्हटलं, अंडी फॉर्म्युल्यात बसत नाहीत. कॉफी अर्धी टाकून उठलो.

१३ जानेवारी
फॉर्म्युला लावून पाहिला. पहिला नंबर माझा. एकूण दोनदा बॅट धरली होती, त्यात एकदा हिट. सरासरी सगळ्यांच्या वर. तत्त्व बरोबर आहे, किरकोळ दुरुस्ती हवी. दुरुस्तीनंतर एमेट चौथा. ऐन भरातली वर्षं त्याने कोरियात लढाईवर घालवली, त्याला फॉर्म्युला काय करणार. सिगार एकच ओढली, विचारासाठी.

१७ जानेवारी
एमेटकडे गेलो. जिना चढवत नाही म्हणून पलंग खाली आणलाय. दम घेत म्हणाला, लाईल, होईल ना रे? पुढचा जानेवारी काही मी बघत नाही. म्हटलं, झालंच समज. रात्रभर झोप नाही. फॉर्म्युला फाडला. पाठ आहेच.

२१ जानेवारी, दुपार
संध्याकाळी मतदान. एमेट निवडून येणारच, बाकीच्या अकरा जणांना तेवढी अक्कल आहे. पण पहिल्याच वर्षी कुणाला सगळीच्या सगळी मतं पडू द्यायची नाहीत, ही या खेळाची रीत. भल्याभल्यांना पहिल्या वर्षी कुणी ना कुणी वगळलंय. रीत कुणीतरी सांभाळायला हवी. मित्र म्हणून ते ओझं मीच उचलतो. व्हर्नाला बोललो नाही.

२२ जानेवारी
एमेटला एक मत.
चिठ्ठ्या मीच उघडल्या. हॉलमध्ये कुणी कुणाकडे बघेना. मग एकेक जण पुटपुटू लागला: वाटलं, बाकीचे देतीलच, रीत कुणीतरी पाळायला नको का? या बेजबाबदारपणाबद्दल मी सर्वांना खडसावलं. पुटपुटणाऱ्यांत गस तेवढा नव्हता. टोपी घातली आणि निघून गेला. कुणीतरी म्हणालं, पुन्हा मतं घेऊ. फेरमतदान नाही, हा नियम माझाच. नियम चांगला आहे. यंदा भिंतीवर कुणीच नाही.

२३ जानेवारी
एमेटकडे जाणं भाग होतं. निकाल त्याला कळला होता. रागावला असता तर बरं झालं असतं. माझा हात दोन्ही हातांत धरून म्हणाला, एक पडलं ना, ते कुणाचं हे मला विचारायला नको. शाळेपासून ओळखतो तुला. मला तेवढं पुरे.
मतदान गुप्त असतं. सेक्रेटरीने तरी गुप्तता पाळायला हवी. मी पाळली.