बोंडाचा लंगडा पाय

सुखदा,

तुझी मीटिंग चालू आहे म्हणून दार वाजवलं नाही. बोंडाला घेऊन खाली बागेत जातो आहे.

या कुत्र्यापुढे मी हात टेकले आहेत. कालही तू खोलीबाहेर आलीस आणि त्याने लगेच पाय वर धरला. "बाबा, परत पाय दिलात ना त्याच्यावर?" असं तू म्हणालीस, आणि मलाच वाटू लागलं की दिला असेन. तू आत गेलीस की हाच गडी चारी पायांवर मांजरामागे धावतो. गेटवरचा कानडी वॉचमन नागराज रोज बघतो आणि "अज्जा, फुल नाटक!" म्हणून हसतो. काल डावा पाय होता, आज सकाळी उजवा.

एक सांगायचं राहिलं आहे. गणपतीच्या सुमारास वाचत वाचत चालताना माझा पाय खरंच त्याच्यावर पडला होता. तू घरी नव्हतीस. घाबरून मी तासभर त्याचा पाय चोळत बसलो, बिस्किटं दिली. तुला सांगायचा धीर झाला नाही. तेव्हाच तो हे शिकला असावा. आता मी भुलत नाही, म्हणून तुझ्यापुढे करतो.

सोमवारपासून त्याला दिवसभर कुत्र्यांच्या पाळणाघरात ठेवायचं तुझ्या मनात आहे. ते नक्की करण्याआधी, मीटिंग संपली की गॅलरीतून खाली बघ. मात्र वाळत घातलेल्या चादरीमागे उभी राहा आणि हाक मारू नकोस. तू दिसलीस की तो लंगडेल, आणि मी पुन्हा खोटा ठरेन.

बाबा