सिंकजवळचं सॉकेट

सोमवार

आलो एकदाचे! काम बोट सांभाळायचं आणि राहायचंही बोटीवरच. स्वयंपाकघर कपाटाएवढं, एकाला वळायचं तर दुसऱ्याने बाहेर जायचं. तरी आमची ही जाम खूश, खिडकीतून हात काढला की पाणी! वीज बॅटरीची, इन्व्हर्टरमधून येणारी. सिंकजवळ लाल बटणाचं सुरक्षेचं सॉकेट आहे. किटली लावली की टक्कन खटका उडतो. चहासाठी त्या बटणाची किती मनधरणी केली!

मंगळवार

वायरमनकाका येऊन गेले. माणूस भलताच बोलका. म्हणाले, गेलेली वीज पुरती परत येते की नाही, यावर हे सॉकेट डोळा ठेवून असतं. थोडी जरी कुणाच्या अंगातून दुसरीकडे निसटली, की लगेच वीज तोडतं. पण तुमच्या जुन्या इन्व्हर्टरची वीज ओबडधोबड, म्हणून ते उगाच बिचकतं. त्यांनी चांगला इन्व्हर्टर बसवला. किटली मुकाट चालली.

गुरुवार

पुन्हा टक्. सॉकेटला काहीच लावलेलं नव्हतं. ही नळावर हात धूत होती.

शुक्रवार

दिवसभर पाळत ठेवली. मी नळाला हात लावला तर काही नाही. हिने लावला की टक्. मी हसण्यावारी नेलं, पण हिला हसू आलं नाही. म्हणते, खटका उडायच्या आधी खालून कुणीतरी हात ओढतं. काका फोनवर म्हणाले, रविवारी पायाखालच्या फळ्या उचलून तळ बघू, तोवर सॉकेटला हात लावू नका.

शनिवार

आता कुणी न शिवताही टक्, टक्. प्रत्येक वेळी ही दचकते. जेवणही जात नाही तिला. मला तिचे हाल बघवेनात. सॉकेटच बिघडलंय, दुसरं काय! काढून ड्रॉवरमध्ये टाकलं, साधं बसवलं. शांतता. ही चक्क गुणगुणायला लागली.

शनिवार, दुपार

काकांना फोनवर सांगितलं. ते म्हणाले, आधीच्या राखणदारानेही वैतागून साधंच सॉकेट लावलं होतं. तो फळ्यांखाली तळात मेलेला सापडला, नळाचा पाइप मुठीत धरून. मूठ उघडेना, शेवटी पाइप कापला. नव्या इन्व्हर्टरवर ते सॉकेट उगाच उडत नव्हतं. दर वेळी हिला सोडवत होतं. निघालोच, म्हणाले, तोवर परत लावा—

ड्रॉवरमधून टक्. एकही तार जोडलेली नाही—

ही सिंकपाशी. हात तोटीवर. हाक मारली, वळत नाही.

मेन बंद केला. पंखा थांबला. हिचा हात सुटला नाही.

खांद्याला धरून ओढलं. आता माझा डावा हात तिच्या खांद्यावरून निघत नाही. वही ओट्यावरच होती. उजव्याने लिहितोय. काका, आत आलात तर आम्हाला शिवू नका. लाकडाने ढकला. आधी तिला—

फळीखालून बोटं— मूठ, पाइप धरलेली—

टक्. टक्.

दारात काका, हात पुढे— काका, हाताने नका, हाताने न—