दोन बोटं सूत

बाबा, तुम्हाला जाऊन आता इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज आठवायचा तर मला आधी तुमचा खोकला आठवावा लागतो. गोंदिया जिल्हा वेगळा झाला, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात तुम्ही गेलात. आज लिहायला बसले त्याचं कारण सरळ सांगते: परवा मी आंधळगावला जाऊन आले. आपल्या घरी नाही. ते भावानं कधीच विकलं, आता तिथं खताचं दुकान आहे. मी गेले ती सहलीच्या बसनं, नागपूरच्या लोकांबरोबर, गळ्यात नावाचं कार्ड अडकवून. 'एका दिवसात पारंपरिक बाजार आणि हातमाग' अशी ती सहल. पोरीनं मोबाइलवरून तिकीट काढून दिलं. ज्या गावात जन्मले तेच गाव बघायला मी तिकीट काढून गेले. हसा आता.

काहून, असं विचाराल. एस.टी. जाते की अजून. पण एस.टी.तून उतरलं की पानठेल्यावरचा पहिला माणूस विचारतो, "कोणाची वं तू?" आणि मला नेमकं तेच सांगायचं नव्हतं. माझ्या पिशवीत तुम्ही लग्नात दिलेलं कोशाचं रेशमी लुगडं होतं. ते खरंच कोशाचं आहे, की तुम्ही स्वतःच्या पोरीला सुती माल कोसा म्हणून दिला, एवढाच निकाल मला लावून घ्यायचा होता. चाळीस वर्षं मी ही गोष्ट मनात धरून आहे. नागपुरात दाखवायची सोय नव्हती, कारण दुकानदाराच्या शब्दावर माझा विश्वास नाही. विणणाऱ्यालाच दाखवायचं, पण माझा बाप कोण हे त्याला कळता कामा नये. आपलेच दात, आपलेच ओठ.

बसमध्ये चढल्यापासून मला दाळीत काहीतरी काळं दिसत होतं. सहल नेणारी बाई चाळिशीतली, पुण्याकडच्या बोलण्याची, गळ्यात छोटासा भोंगा. नदीचा पूल आला तशी ती म्हणाली, "इथल्या प्रत्येक धाग्याला एक गोष्ट आहे." मी मनात म्हटलं, बाई, धाग्याला गोष्ट नसते, गाठ असते, आणि ती सोडवताना नखं तुटतात. मग ती कोसा कसा ओळखायचा ते सांगायला लागली. मी खिडकीकडे तोंड केलं. कोष्ट्याच्या पोरीला कोसा शिकवते ही! ही आपल्याला ठरलेल्याच दुकानात नेणार, तिथं हिचा हिस्सा बांधलेला असणार, अशी माझी खात्री होती. नाश्त्याला पोहे-तर्री दिली, तर मी तर्रीवरचं तेल चमच्यानं बाजूला सारून बघितलं. शेजारच्या सीटवरच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काही पडलंय का?" म्हटलं, "नाही, बघते फक्त."

बाजारात तर विचारू नका. आम्ही कार्डवाले दिसलो की भाव वर चढत होते, हे मला चार पावलांत कळलं. लाखोळीची डाळ, सुके झिंगे, मोहफुलं, बांबूच्या टोपल्या घेऊन नाकाडोंगरीकडून आलेल्या बाया, सगळं होतं तसंच आहे. बसमधल्या एका गृहस्थांनी वांगं हातात घेऊन विचारलं, "हे ऑरगॅनिक आहे का?" विकणारी म्हणाली, "नाई जी, काटेरी आहे." मला हसू आलं आणि लगेच वाटलं, ही बाई रोज असंच उत्तर देत असेल, शहरातल्या लोकांना आवडतं म्हणून. माझा स्वभावच असा झालाय, बाबा. कोणी चांगलं बोललं की मी त्याचा उलटा पदर बघते.

हा स्वभाव मी काही बाजारातून आणला नाही, तुमच्याचकडून घेतला. मी नऊ वर्षांची असेन. तुम्ही मला बाजारात व्यापाऱ्याकडून कोशाच्या धाग्याची लड आणायला पाठवलंत आणि मी उड्या मारत आले. चूल पेटलेली आहे, आई भाकरी थापते आहे. तुम्ही त्या लडीतून एक धागा ओढता, चुलीतल्या जळत्या काडीला लावता आणि माझ्या नाकाशी धरता. "कायचा वास येते?" मी म्हणते, कागदाचा. "मंग हा कोसा होये काय? कोसा जळला तं केस जळल्याचा वास येते, अन् राख बोटानं चुरते. त्यानं सांगतलं अन् तू आणलं! तुले कोणी बी फसवन." आई म्हणाली, लेकरू आहे जी. तुम्ही म्हणालात, "लेकराच्याच वयात शिकाव लागते. डोयानं पाह्यलं ते अर्धं, जाळून पाह्यलं ते पूरं." मी रडत रडत ती लड परत करून आले. त्या दिवसापासून मी दुधाचाही वास घेऊन बघते.

आता लग्नाचं. त्या वर्षी कोशाचा तुटवडा होता, गावात मिसळीचा माल विणणारे निघाले होते, आणि तुम्ही रोज त्यांना शिव्या घालत होतात. माझं लुगडं तुम्ही एकट्यानं विणलंत, मला मागाकडे फिरकू दिलं नाही. तसंही मला कुठं बसू देत होतात? कांड्यांवर धागा गुंडाळायचा आणि शाळेत जायचं, एवढंच माझं काम. सासर नागपूरचं, कापडाच्या दुकानातलं. आठ दिवसांत नणंदेनं लुगडं दोन बोटांत चोळलं आणि म्हणाली, "कोसा असा असते काय वं वहिनी? तुझ्या बाबानं तं तुलेच टोपी घातली." सगळ्या हसल्या. मी पण हसले, काय करणार. दुपारी स्वयंपाकघरात कोणी नाही असं बघून मी लुगड्याच्या टोकाचा, निऱ्यांत आत जातो तिथला, एक आडवा धागा काढला आणि गॅसवर धरला.

कागदाचा वास आला.

मी गॅस बंद केला. जगाला कोसा शिकवणारा माझा बाप, आणि मला सूत? व्यापाऱ्यानं फसवलं असतं तर मी चार शिव्या देऊन मोकळी झाले असते. हे कोणाला सांगू? लुगडं ट्रंकेत तळाशी गेलं. एकदाही नेसले नाही. पहिल्या दिवाळीला तुम्ही विचारलंत, "नेसली नाई काय वं?" आणि मी म्हटलं, चांगल्या दिवसासाठी ठेवलंय, बाबा. विचारून टाकायचं होतं एकदा. पण विचारलं असतं आणि तुम्ही हो म्हणाला असतात, तर मग काय?

आंधळगावात बस थांबली ती कोणत्याही दुकानासमोर नाही, एका साध्या घरासमोर. माझा पहिला अंदाज तिथंच चुकला. ओसरीवर माग, मागावर एक म्हातारा खाली मान घालून विणतो आहे, आणि बोलायचं सगळं त्याची बायको बोलते आहे. साठीची असेल, माझ्यापेक्षा थोडी लहान. मला ओळखायचा प्रश्नच नव्हता, ती बपेऱ्याकडून लग्न होऊन आलेली, आणि मी त्याआधीच गाव सोडलेलं. सगळे फोन काढून म्हाताऱ्याच्या मागावर चालणाऱ्या पायांचे फोटो घेत होते, तेवढ्यात मी लुगडं पुढं केलं. म्हटलं, हे कोशाचं आहे का, सांगता का?

तिनं ते मांडीवर घेतलं, उलगडलं, आणि टोकाशी येऊन थांबली. "हे कोणं जाळून पाह्यलं जी? इथून धागा निंघला आहे." तिनं त्या जागेवर बोट ठेवलं. "अन् टोकाकडून काहून काढला? हे तं सूत होये."

"मग सुतीच आहे ना?" माझा आवाज चढला असणार, कारण म्हाताऱ्यानं माग थांबवला.

"अवो बाई, पह्यले दोन बोटं सुताचेच राह्यतेत. मंग कोसा लागते. दोन बोटं सोडून पाहा ना!" ती धागा काढायला गेली तर मी तिचा हात धरला. म्हटलं, धागा मीच काढते. काडीही माझीच. हो, मी घरून काडेपेटी घेऊन गेले होते, तुमचीच पोरगी आहे. ती भोंगावाली बाई बघतच राहिली. मी सुती पट्टा सोडून वरचा आडवा धागा सुईनं उचलला, कापला आणि पेटवला. डॉक्टरीणबाईंनी नाकाला रुमाल लावला. केस जळल्याचा वास. बोटांत चुरली तर राखेची काळी पूड झाली. मी अजून एक धागा काढला, वेगळ्या जागेचा. तोच वास. तिसरा काढायला लागले तेव्हा ती म्हणाली, "आता पुरं करा, लुगडं ठेवा जरासंक."

 मी विचारलं की हा सुताचा पट्टा मी बाजारातल्या एकाही कापडाला कसा पाहिला नाही. ती म्हणाली, "बाजारच्या मालाचा कापून टाकतो आम्ही. गिऱ्हाइकाचं टोक उसवलं तं आपल्याले काय करा लागते? घरच्या पोरीले द्याचं असन तं ठेवतो. खोचून खोचून टोक जात नाही मंग, जलमभर चालते." आणि ती भोंगावाली हळूच म्हणाली, "काकू, मी बसमध्ये हेच सांगत होते. टोकाचा धागा जाळू नका म्हणून. तुम्ही खिडकीकडे बघत होतात."

परतीच्या वाटेवर सगळे मुरमुरे खात होते आणि मला तुमची ती नागपूरची फेरी दिसत होती. लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात तुम्ही आलात, पिशवीत आईनं दिलेल्या कुरड्या. लुगडं नीट ठेवलंय हे दाखवायला मी ते ट्रंकेतून काढून आणलं. तुम्ही मांडीवर घेतलं, टोकावरून बोट फिरवत नेलं, आणि बोट एका जागी थांबलं. परवा त्या बाईचं थांबलं, अगदी तिथंच. तुम्ही वर बघितलं नाहीत. होत्या त्याच घड्यांवर लुगडं पुन्हा दुमडलंत आणि म्हणालात, "चाय ठेव वं." त्यानंतर तुम्ही कधी विचारलं नाहीत, नेसली काय म्हणून. तुम्हाला सगळं दिसलं होतं आणि तुम्हाला दिसलं हे मलाही दिसलं होतं. मी चहा ठेवता ठेवता ठरवलं की बाप सापडला, म्हणून गप्प आहे. चोराच्या मनात चांदणं. बाबा, तुम्ही दोन शब्द बोलला असतात तर काय झालं असतं? रागच येतो मला. पोरीनं तुमचं कापड जाळून बघितलं, एक थोबाडीत द्यायची होती. म्हणायचं होतं, मूर्खे, दोन बोटं वर बघ. पण तुम्हीच शिकवलेलं होतं ना जाळून बघायला, मग कोणत्या तोंडानं रागावणार होतात? इतकं लागलं तुम्हाला, आणि मी त्याला कबुली समजले. तुम्ही गेलात तेव्हाही मी पुरतं रडले नाही, हे आज सांगते.

हे पत्र घालायला पेटी नाही, हे मला कळतं. पोरीला दाखवावं म्हटलं तर ती म्हणेल, आई, तू एवढी संशयी आहेस हे आम्हाला माहीतच होतं. म्हणून माझ्याकडेच राहील. इथं थांबणार होते, पण एक गोष्ट मी वर लिहिली नाही. मुद्दाम वगळली.

निघताना त्या बाईनं लुगडं घडी करून माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "हात लय चांगला होता. कोणाचा होये?" म्हातारा पण मागावरून बघत होता. त्या वयाचा माणूस, त्यानं तुमचं नाव ऐकलं असतं तर उठून उभा राहिला असता. पण तुमचं नाव सांगायचं तर ते जाळणारी कोण, हेही सांगावं लागलं असतं. मी म्हटलं, "काय माहीत. बाजारातून घेतलं होतं." ती हसली. "बाजारचं नोहे हे, बाई. कोणं तरी आपल्या पोरीसाठी विणलं आहे."

तेव्हा तरी बोलायचं होतं, बाबा. मी म्हटलं, "असन कोणाची तरी पोरगी," आणि बसमध्ये जाऊन बसले.